वाळूतलं लॉन

काकूंच्या घरी मी राहायला गेले ती अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, २००४ च्या ऑगस्टमध्ये. मिशिगन सरोवराच्या पूर्वेकडच्या एका छोट्या गावात त्यांचं घर होतं. युनिव्हर्सिटी बसने पाऊण तास. काका त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते. ते डॉक्टर होते, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आणि घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. आता त्या घरात काकू एकट्या. तिथल्या चार मराठी कुटुंबांपैकी कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं आणि ठरलं ते असं, की तळघरातली खोली माझी, बदल्यात उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ काढायचा आणि संध्याकाळचं जेवण दोघींनी बरोबर करायचं.

मला गवत कापता येत नव्हतं. आमच्याकडे गवत कापत नाहीत, उपटतात. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठलीही नवी गोष्ट समोर आली की मी ती परीक्षेसारखी घ्यायचे. गवत कापायच्या यंत्राची, मोवरची, दोरी ओढून तो सुरू करायलाही मला दोन शनिवार लागले होते. लॉन म्हणजे नक्की काय आणि ते कशासाठी, हे विचारायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये काकूंचा मुलगा आला. तो कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहायचा. बायको, दोन मुलं, टाउनहाउस, सांता क्लाराला नोकरी. इथेच जन्मलेला. मराठी समजायचं सगळं, पण बोलताना तो मध्येच इंग्रजीत शिरायचा. सकाळी कॉफी घेऊन तो घरामागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर उभा राहिला. मी आत भांडी विसळत होते, खिडकी उघडी होती.

“आई, लुक ॲट धिस. सगळं डेड आहे.”

“ऊन आहे या वर्षी,” काकू म्हणाल्या.

“शेजाऱ्यांकडे पण तेच ऊन आहे ना?”

ते खरं होतं. शेजारचं लॉन हिरवं होतं आणि आमचं गव्हाच्या कोंड्यासारखं दिसत होतं. काका होते तेव्हा एका कंपनीचा ट्रक यायचा, फवारणी करून जायचा. काकूंना त्या औषधाचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून काका गेल्यावर त्यांनी तो बंद केला होता.

“तुला एकटीला हे मॅनेज होत नाहीये,” मुलगा म्हणाला. “ऑक्टोबरमध्ये मी परत येतोय. तेव्हा डिसाइड करू. घर विकू, तू आमच्याकडे ये.”

 तो गेल्यावर, त्याच दिवशी संध्याकाळी, भाकरी थापता थापता काकू मला म्हणाल्या, “फ्रीमाँटला मी एकदा तीन महिने राहिले होते. सून चांगली आहे, मुलं गोड आहेत. पण तिथे कुणी नेईल तेव्हा मी जाणार, आणि कुणी आणेल तेव्हा येणार. फ्रीवेवर मला गाडी चालवू देत नाहीत. दारात बसून राहायचं, पार्सलसारखं.”

इथे त्या स्वतः गाडी चालवायच्या. काकांची मोठी, जुनी गाडी. पुढचं दिसावं म्हणून त्या सीटवर उशी घ्यायच्या. लायब्ररीत जायच्या, भाजी आणायच्या, गुरुवारी दोन गावं ओलांडून एका मैत्रिणीकडे जायच्या. दोन लेनचे रस्ते, दोन्ही बाजूंना ब्लूबेरीची शेतं. साठीनंतर शिकलेलं ड्रायव्हिंग, काकांच्या आजारपणात, दवाखान्याच्या खेपा करता याव्यात म्हणून.

“लॉन हिरवं करू या,” काकू म्हणाल्या. “मग बघू तो काय बोलतो ते.”

त्यांच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. मुलाने लॉनवर बोट ठेवलं, म्हणजे लॉन सुधारलं की मुद्दा संपला. मलाही ते पटलं. निदान पटलं असं मला तेव्हा वाटलं.

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून लॉनवरची दोन पुस्तकं आणली. सिव्हिल इंजिनिअरिंगला असल्यामुळे माती हा माझा विषयच होता. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं हे आम्ही लॅबमध्ये मोजायचो. दिवसभर नळ्यांमधलं पाणी खाली जाताना बघायचं, आणि घरी आलं की काकू हातात पाइप धरून, अंगठ्याने धार पसरवत, लॉनवर सडा टाकल्यासारखं पाणी शिंपडताना दिसायच्या. तरीही दोन्हीचा संबंध माझ्या डोक्यात यायला जुलै उजाडला. एका दुपारी मी कोपऱ्यात फावडं मारलं. वर चार बोटं काळसर माती, खाली नुसती वाळू. पिवळी, कोरडी, मुठीत न ठरणारी. तो सगळा भागच कधीकाळी सरोवराच्या काठची वाळू होता. बिल्डरने वर मातीचा पातळ थर टाकून त्यावर तयार गवताच्या पट्ट्या सतरंजीसारख्या उलगडल्या होत्या, ते काकूंना आठवत होतं.

पुस्तकात लिहिलेलं मी त्यांना समजावून सांगायचे. वाळूत पाणी टिकत नाही आणि खतही टिकत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एका कडक उन्हात मरतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण मुळांच्या खालपर्यंत पोचेल इतकं द्यायचं. गवत बुटकं कापायचं नाही, चांगलं तीन बोटं ठेवायचं, म्हणजे स्वतःच्याच सावलीत माती गार राहते.

“आणि कापलेलं गवत तिथेच पडू द्यायचं,” मी म्हणाले.

काकूंनी चष्मा काढला. “तिथेच? केर अंगणात?”

“केर नाही काकू, खत होतं त्याचं. वाळूत दुसरं काही नाहीच ना.”

“अगं, लोक काय म्हणतील? शेजारीण म्हणेल ही बाई झाडतसुद्धा नाही.”

काकू रोज सकाळी लॉन झाडायच्या, हे तोपर्यंत मी गृहीतच धरलं होतं. रेकने, म्हणजे दाताळ्याने नव्हे, खराट्याने. तो त्यांनी नाशिकहून बॅगेत घालून आणला होता. पडलेलं पान, काडी, कापलेल्या गवताचा कण, सगळं गोळा करून पिशवीत भरून रस्त्याच्या कडेला ठेवायच्या. इतकी वर्षं तो वाळूचा तुकडा रोज असा पुसून काढला जात होता. ते बंद करायला त्या तयार झाल्या, पण त्यांना त्रास झाला. मी मोवर फिरवत असले की त्या डेकवर हात बांधून उभ्या राहायच्या आणि अधूनमधून म्हणायच्या, “ते बघ तिथे ढीग पडलाय. तेवढा तरी उचलू का?”

जुलै आणि ऑगस्ट मला नीट वेगळे आठवत नाहीत. सकाळची बस, लॅब, प्रोफेसरांची नापसंती, परतीची बस, मग स्प्रिंकलर इकडून तिकडे सरकवणं. टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या आवारात पालापाचोळ्याचं कंपोस्ट मिळायचं, आपण जाऊन भरून आणायचं. काकू गाडी चालवायच्या, मी टबांमध्ये कंपोस्ट भरायचे, आणि डिकीत जुन्या चादरी अंथरून आम्ही ते घरी आणायचो. मग फावड्याने पसरायचं, रेकच्या पाठीने सारखं करायचं. पाठ इतकी दुखायची की जेवताना मी भिंतीला टेकून बसायचे. गाडीला ओल्या पाल्याचा वास लागला तो लागलाच.

“तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल,” काकू एकदा आमटी वाढताना म्हणाल्या. “पोरगी अमेरिकेला शिकायला गेली आणि डॉक्टरांच्या घरी शेणखत पसरतेय.”

“आईला वाटतं मी इथे कॉम्प्युटरवर असते.”

“वाटू दे बिचारीला.”

ऑगस्टच्या अखेरीस, रात्री जरा गार व्हायला लागल्या तेव्हा, आम्ही बी टाकलं. थंड प्रदेशात तोच हंगाम. माती अजून उबदार असते आणि हवा निवलेली. काकूंना हात बसवायला वेळच लागला नाही. त्यांचं लहानपण निफाडजवळच्या एका गावात कांद्याच्या शेतात गेलेलं. पदर खोचून, म्हणजे पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, त्या मुठीने बी फेकत चालल्या आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी सारखं पडलं. नव्या बियाला मात्र रोज, दिवसातून दोन-तीनदा, हलकं पाणी लागतं. मी तसं सांगितल्यावर त्या पाइप हातात घेऊन हसल्या. “म्हणजे सडाच ना? इतके दिवस मला उगीच बोलत होतीस.”

आठवड्याभरात कोंब दिसले. पहिल्यांदा नुसती हिरवी झाक, तीही तिरप्या उन्हात बघितली तरच. मग बारीक, चकचकीत, सरळ पाती. काकूंनी फ्रीमाँटला फोन करून मुलाऐवजी नातीला सांगितलं. नात म्हणाली, “दॅट्स नाइस, आजी.” तेवढंही काकूंना दोन दिवस पुरलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या परीक्षा होत्या. एका संध्याकाळी बसमधून उतरून चालत आले, तर काकू मागच्या लॉनवर उकिडव्या बसलेल्या. बाजूला उपटलेल्या बारीक रोपांच्या जुड्या नीट रचून ठेवलेल्या, मेथीच्या असाव्यात तशा. त्यांच्या चेहऱ्यावर कष्टाचं समाधान होतं.

“ये. सगळं निंदून काढलं बघ मी,” त्या म्हणाल्या. “कालपासून करतेय. तुला परीक्षेचं टेन्शन, म्हटलं आपणच करावं.”

मी एक जुडी उचलली. केसासारखी बारीक पाती, काही गडद, काही निळसर हिरवी.

“काकू, हे कुठलं काढलंत?”

“तण. आपलं गवत किती छान वर आलं होतं आणि मधूनमधून हे घुसायला लागलं. आधी उगवलं ते आपण पेरलेलं ना? हे मागाहून आलं, म्हणजे तणच. कांद्यात आम्ही असंच ओळखायचो.”

 मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले.

“बियाच्या पिशवीत तीन प्रकारचं बी होतं काकू. एक लवकर येतं, आठवड्यात. ते नुसतं सोबतीला असतं, फार वर्षं टिकत नाही. टिकणारं गवत हे. ते यायलाच तीन-चार आठवडे लागतात.”

“एका पिशवीत तीन?”

“हो.”

“असं कोण पेरतं?” त्या चिडून म्हणाल्या. मग जुड्यांकडे बघत राहिल्या. “आणि मी वेचून वेचून तेच काढलं.”

“सगळं नाही निघालं. पुढच्या बाजूला आहे अजून.”

“पुढचं उद्या करणार होते.”

हे ऐकून आम्हा दोघींना हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्या जुड्यांमधली काही रोपं परत खोचता येतील का, ते बघायला लागले, पण ती मलूल झाली होती. काकू म्हणाल्या, “राहू दे. तू आत जा, चहा टाक. मी येतेच मागून.” मी चहा टाकला, तो उकळून गार झाला, तेव्हा त्या आल्या. मला त्यात काही वाटलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मला बहुतेक गोष्टींत काही वाटायचं नाही.

उघड्या पडलेल्या तुकड्यावर आम्ही पुन्हा बी टाकलं, कंपोस्ट टाकलं, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून वर जुनी पातळ धोतरं अंथरली, काकांची. थंडी वाढत होती. जे आलं ते विरळ आलं. तरीही ऑक्टोबरच्या मध्यावर मुलगा आला तेव्हा लांबून बघणाऱ्याला लॉन हिरवं दिसत होतं, शेजाऱ्यापेक्षाही हिरवं.

शनिवारी सकाळी काकू त्याला मागे घेऊन गेल्या. मीही गेले, कारण त्यांनीच मला हाक मारली. त्यांना साक्षीदार हवा असावा.

“वॉव,” तो म्हणाला. “आई, सिरियसली. हे तुम्ही दोघींनी केलं?”

“मग? माणूस लावला असं वाटलं तुला?” काकू खुलल्या. “हा कोपरा जरा विरळ आहे, तो माझा प्रताप. पण बघ, इथे नवं येतंय. असं वरून नाही दिसत. थांब, दाखवते.” त्या उकिडव्या बसल्या, दोन बोटांनी पाती बाजूला करून त्यांनी खालची बारीक, निळसर पाती त्याला दाखवली. त्याने वाकून बघितलं.

मग उठायची वेळ आली. काकूंनी एक हात जमिनीवर टेकला, पुन्हा उचलला. दुसरा टेकला. मग पुन्हा पाती बघायला लागल्या, जणू अजून काही दाखवायचं राहिलं होतं. मुलगा बोलत होता, स्प्रिंकलरबद्दल काहीतरी, आणि बोलता बोलता थांबला. मी पुढे झाले, तोवर तो पोचला होता. त्याने मागून काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

“केव्हापासून?” त्याने विचारलं.

“काय केव्हापासून?”

“हे. उठता न येणं.”

“जमिनीवरून पटकन कोण उठतं रे? तू बसून दाखव. बस की.”

तो खरंच बसायला गेला. टाचा टेकेनात. हात पसरून एक क्षण तोल सावरला आणि मग मागे गवतावर आपटला. काकू इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “चाळिशी नाही आली आणि हा बघा! म्हणे मला मॅनेज होत नाही.” तोही हसला. मीही हसले. तो बसला होता तिथेच बसून राहिला, जीन्स ओली होत होती तरी. हसणं हळूहळू थांबलं.

“आई, हिवाळ्यात तू घसरलीस तर? ही दिवसभर कॉलेजमध्ये असते.”

“लॉन चांगलं झालंय की नाही, ते सांग.”

“खूप चांगलं झालंय. पण लॉनचा प्रश्नच नव्हता, आई.”

काकूंचा चेहरा एकदम उतरला. “मग जूनमध्ये लॉन कशाला दाखवलंस मला?”

 गवताची पाती तो बोटाने इकडून तिकडे करत होता. “दुसरं काही बोलायला जमलं नाही,” तो म्हणाला. “बाबांचा कोट अजून दाराशी टांगलेला होता. तू जिना एका वेळी एक पायरी उतरत होतीस. ते कसं बोलणार? लॉन समोर होतं.”

मी आत निघून आले. तिथे थांबणं बरं वाटेना. खिडकीतून मला ते दोघं बराच वेळ दिसत होते. तो खाली बसलेला, त्या उभ्या. काय बोलले ते मला माहीत नाही. मला फक्त इतकं कळत होतं, की जुलैपासून आखडलेली माझी पाठ, डिकीतल्या त्या खेपा, काकूंनी बंद केलेला खराटा, सगळं एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. राग आला म्हणावं, तर कुणाचा, ते ठरवता येत नव्हतं. तो मुलगा वाईट नव्हता. मीसुद्धा आईला फोनवर कधी खरं काही विचारलेलं नव्हतं. जेवलीस का, एवढंच विचारायचे.

रविवारी त्याला विमानतळावर सोडायला काकू निघाल्या. “मी टॅक्सी बोलावतो,” तो म्हणाला. “टॅक्सी कशाला? आई आहे ना,” असं म्हणून त्यांनी सीटवर उशी ठेवली. मी मागे बसले. चाळीस-पन्नास मिनिटांचा रस्ता. काकू नेहमीसारख्या चालवत होत्या, जरा सावकाश, आरसे बघत. मुलगा शेजारी बसला होता. एका चौकात त्या वळल्या तेव्हा त्याचा उजवा पाय आपोआप दाबला गेला, जणू त्याच्याकडेही ब्रेक होता. काकूंनी ते बघितलं.

“चुकलं का काही?”

“नाही. यू आर फाइन.”

“मग पाय वर घे.”

विमानतळाच्या दारात त्याने त्यांना मिठी मारली आणि मला म्हणाला, “थँक्स फॉर एव्हरीथिंग.” काकूंनी त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला. पोलीस पुढे निघायला सांगत होता, त्यामुळे निरोप घाईतच झाला.

परतताना मी पुढे, काकूंच्या शेजारी बसले. पानं गळायला लागली होती, शेतं तांबडी झाली होती. गावात शिरायच्या आधी बागकामाच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं, तिथे त्यांनी गाडी वळवली.

“काय घ्यायचंय?” मी विचारलं.

“पुस्तकात होतं ना, बर्फ पडायच्या आधी एकदा खत द्यायचं, म्हणजे वसंतात लवकर हिरवं होतं?”

“हो. पण आता—”

“घर बघायला लोक एप्रिलमध्ये येतात म्हणे. तोवर हिरवं दिसायला हवं.” त्यांनी गाडी बंद केली, पण किल्ली काढली नाही. “त्याला मी सांगितलंय, गाडी घेऊन येणार. फ्रीवे नको तर नको, आतल्या रस्त्यांनी चालवीन. तिथेही आतले रस्ते असतील ना?”

मला माहीत नव्हतं. मी कॅलिफोर्निया पाहिलेलं नव्हतं.

“असतील,” मी म्हणाले.

खताचं पोतं दोघींनाही उचलेना. आम्ही ते ट्रॉलीवर ढकललं, मग ट्रॉलीवरून डिकीत, आणि एकमेकींना धरून थोडा वेळ तिथेच पार्किंगमध्ये उभ्या राहिलो.